गुंफाबाईच्या छातीतलं मांजर

लग्न होऊन मी अमरावतीच्या मळ्यात आले तेव्हा मला ओवाळायला दारात माझी सवतच उभी होती. ओवाळून झालं. तिने तबक खाली ठेवलं, माझा उजवा हात धरला आणि जमलेल्या सगळ्या बायकांसमोर आपल्या डाव्या छातीखाली दाबून धरला.

"लागते का काही?" तिने विचारलं.

लागत होतं. तळव्याखाली काहीतरी घुरघुरत होतं. चुलीजवळ झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागतं, तसंच. मी हात काढून घ्यायला गेले, तर तिने तो आणखी दाबला.

"हे मांजर हाय माह्यातलं. हे मेलं का घर तुहं. तोवर माहं. समजलं का वं, सटवे?"

बायका हसल्या. नवरा मागे बैल सोडत होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तोवर मला वाटत होतं की ही माझी सासू. बार्शीटाकळीला माझ्या बापाच्या घरी मुलगी पाहायला तीच आली होती. तिने माझे दंड दाबून पाहिले होते, दात दाखवायला लावले होते, विहिरीवरून भरलेली घागर आणायला लावली होती आणि माझ्या बापाला म्हणाली होती, "हाडं मजबूत हायेत. चालते." बैलबाजारात याहून जास्त बोलतात.

ती गुंफाबाई. मी तिला बाई म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. माझं नाव सरस्वती. तिने जन्मात मला त्या नावाने हाक मारली नाही. सटवे म्हणायची. पुढे भाजीबाजारातल्या बायकाही तेच म्हणू लागल्या.

हे मी सांगते आहे आणि माझा थोरला लेक लिहून घेतो आहे. तो शाळेत मास्तर आहे, म्हणून माझी बोली पुस्तकासारखी करून टाकतो. करू दे. बाईचं बोलणं तेवढं मी त्याला बदलू देत नाही.

दिसायला ती उंच होती, खांद्याने रुंद, रंगाने उजळ. तिचे गाल कायम लाल असत. जांभळट लाल, थंडीत जास्त. त्या गालांनी तिचं फार वाईट केलं. ती दम लागतो म्हणायची आणि लोक गालांकडे बघायचे. "दुखनं असं असते का? दुखनेकरी पिवया पडते," असं नवरा चारचौघांत म्हणायचा. तिच्या गुडघ्यांवर, घोट्यांवर, कोपरांवर डागांच्या गोल चकत्या होत्या. परकरात असताना तिला ताप आला होता. आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, तो उतरला तर कोपर. गावातल्या एका बुढ्याने विळा तापवून एकेका सांध्यावर डाग दिले. चार बायकांनी तिला धरून ठेवलं होतं, त्यात तिची मायही होती. "त्यानं ताप हातापायातून हाकलला," ती म्हणायची, "अन् ताप छातीत जाऊन बसला."

लग्नानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी तीच जात होती. सुईण बाहेर येऊन म्हणाली, हिच्याच्यानं लेकरू होणार नाही. तेव्हा आमच्या मुलखात कापसाचे दिवस होते. दूर कुठे अमेरिकेत लढाई लागली होती आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्याकडे वीतभर काळी जमीन होती त्याने त्यात कापूस पेरला होता. ज्वारी कोणी लावेना, भाजी कोणी लावेना. आमच्यासारख्या चार माळ्यांच्या मळ्यांत तेवढी वांगी आणि मेथी होती, आणि मागू त्या भावाला जात होती. हातात पैसा आला तेव्हा माझ्या नवऱ्याने नवे बैल घेतले, विहिरीला दगड बांधले आणि मला आणलं.

बाजारात बाईची जागा ठरलेली होती. माल मी वाहायची, ती नुसती चालत यायची, पण तेवढंही तिला झेपत नसे. थोडं चाललं की तिचे ओठ निळे पडायचे. मग ती थांबायची आणि समोर जो सापडेल त्याला शिव्या द्यायला लागायची. गाढव हाकणारा, पाणी भरणारी, कोणीही. शिव्या देता देता दम परत यायचा, की पुढे चालायची. बाजाराला वाटे, बाई भांडकुदळ आहे. होतीच. पण त्यातली निम्मी भांडणं नुसती थांबायला मिळावं म्हणून होती, हे मला फार उशिरा कळलं.

नवऱ्याचं नाव ती तोंडभर घ्यायची. "किसन्या, इकडं ये." बाजाराच्या मध्यावर, सगळ्यांदेखत. बायका कानावर पदर घ्यायच्या. तो खाली मान घालून यायचा, कारण न आल्यास ती त्याच्या बापाचंही नाव घ्यायची.

एकदा एक म्हातारा शेतकरी आला. आदल्या साली हाच माणूस संध्याकाळी तिच्यापुढे उभा राहायचा आणि ती त्याच्या पंच्यात मुळ्याचा सडका पाला शिव्या देत, फुकट टाकायची. आता त्याच्या डोक्याला जरीचा पटका होता आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. पोरीचं लग्न होतं. त्याने वांग्यांचं आख्खं टोपलं मागितलं, तेही तिच्याकडे न बघता, हवेत बोलावं तसं. बाईने वांग्यांना हात लावला नाही. बाजूला काढून ठेवलेला सडका पाला उचलला आणि त्याच्या नव्या पटक्यावर ठेवला.

"हे घे. हे तुहं नेहमीचं," ती म्हणाली. "वांगी ज्यायनं मागच्या साली इकत घेतली त्यायले देतो म्या."

सगळा बाजार हसला. म्हाताऱ्याने पाला काढून खाली टाकला नाही. तसाच डोक्यावर घेऊन गाडीत जाऊन बसला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मी बाईला म्हटलं, त्याच्या पोरीचं लग्न होतं. ती म्हणाली, "माहंबी झालं होतं."

घरात ती आडवी होत नसे. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटे. ज्वारीच्या कणगीला पाठ टेकून, बसल्या बसल्या झोपायची. मी कूस बदलली तरी तिचे डोळे उघडे. मी गरोदर राहिले तेव्हा तिने माझं एक काम कमी केलं नाही. पोट पुढे आलेलं असताना घागरी मीच भरायच्या, टोपली मीच वाहायची. मी एकदा खाली बसले तर म्हणाली, "ऊठ. माही दोन गेली, तुहं जात नाय. पाहूनच आनली तुले."

मुलगा झाला. त्याला मी पहिल्यांदा पाजलं आणि तिने तो माझ्या हातातून उचलून नेला. कणगीला टेकून बसली आणि त्याला आपल्या छातीवर पालथा टाकला, घुरघुर होत होती तिथेच. तो झोपला. त्या दिवसापासून तो तिथेच झोपू लागला. माझ्या कुशीत दूध पिऊन झालं की रडायचा, तिच्या छातीवर टाकला की गप्प. "तुह्यात काही वाजत नाय ना," ती मला म्हणायची आणि हसायची. मी मोरीत जाऊन रडायची. तिला ते माहीत होतं. ती मोठ्याने विचारायची, "सटवे, भांडी घासून राहिली का रडून राहिली?"

दवाखान्याची भानगड सुरू झाली ती एका उन्हाळ्यात. बाजारात बसल्या जागी तिला खोकला आला आणि मेथीच्या जुड्यांवर रक्त पडलं. लोकांनी तिला खाटेवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला मोठा डॉक्टर गोरा साहेब होता. त्याच्या हाताखाली पुण्याकडचे एक डॉक्टर होते, त्यांना सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. साहेबाने एक लाकडी नळी तिच्या छातीला लावली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग हात ठेवून पाहिला. मग धाकट्या डॉक्टरांना बोलावून त्यांचा हात ठेवला. त्याचा चेहरा खुलला होता.

धाकटे डॉक्टर आम्हाला समजावून सांगू लागले. "बाई, काळजात एक दार असतं. लहानपणच्या तापाने तुमच्या त्या दाराची झडपं कडक झाली आहेत, एकमेकांना चिकटली आहेत. रक्त पलीकडे जायला वाट पुरत नाही. ते अलीकडच्या खोलीत तुंबतं आणि फटीतून जाताना घुरघुरतं. दम लागतो, रक्त पडतं, ते सगळं त्यामुळेच."

"मंग दार उघडून द्या."

"ते कोणालाच उघडता येत नाही."

"मंग सायेब हासून काहून राहिला?"

हे त्यांनी साहेबाला सांगितलं नाही. साहेब आणखी काही बोलला ते मात्र सांगितलं. "अजून तुमची नाडी सरळ चालते आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ती अलीकडची खोली रक्ताने ताणली जाते. ताणून ताणून एक दिवस ती ठोका द्यायचं सोडेल आणि नुसती थरथरत राहील. मग नाडीला ताल राहणार नाही. तसं झालं की लगेच इकडे यायचं."

"आली तं बरी होईन?"

"औषधाचे थेंब देऊ. दम कमी होईल."

"अन् नाय आली तं?"

"थरथरणाऱ्या खोलीत रक्त साकळतं. त्याची गुठळी सुटून डोक्यात गेली तर अर्धं अंग जातं."

बाईने साहेबाकडे बघितलं. "म्हंजे बिघडाची वाट पाहून राहिला हा."

धाकट्या डॉक्टरांनी मला जवळ बोलावून तिच्या मनगटावर तीन बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. रोज सकाळी नाडी बघायची आणि बिघडली की सांगायचं, हे काम माझ्याकडे आलं.

त्यानंतर साहेबाकडे कोणी पाहुणा डॉक्टर आला की शिपाई आमच्या दारात हजर. पहिल्या वेळी नवऱ्याने मोठा तमाशा केला. माझी बायको परक्या माणसांपुढे उघडी करणार नाही, म्हणाला. तेव्हा रेल्वेचं काम चाललं होतं आणि बडनेऱ्याजवळ मजुरांची आणि साहेबलोकांची मोठी छावणी होती. डॉक्टर साहेबाने शब्द टाकला आणि त्या छावणीला भाजी पुरवायचा मक्ता माझ्या नवऱ्याला मिळाला. मग शिपाई यायच्या आधीच तो गाडी जुंपून उभा राहू लागला.

बाईला हे कळायला वेळ लागला नाही. "किसन्या, तुहा मक्ता माह्या छातीत हाय," ती म्हणायची. "आज मन नाय माहं." मग त्याने विनवायचं. तिने त्याला शेजारणींदेखत विहिरीवरून घागरी आणायला लावावं, आपले पाय धुवायला लावावं, मग गाडीत चढावं. तिकडे गेल्यावर पदर काढून खुर्चीवर बसायची आणि नळ्या लावणाऱ्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहायची. तो बाहेर उन्हात उभा.

सकाळी मी तिच्यापुढे बसून मनगट धरायची. हा एवढाच वेळ ती मला शिवी देत नसे. "चालते का?" ती विचारायची. "चालते," मी म्हणायची. बाकी दिवसभर आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो.

एका सुगीत साहेबाने तिला अकोल्याला बोलावलं. तिथे बरेच डॉक्टर जमणार होते. वाट लांबची, गाडीने जायचं, गाडी नवरा हाकणार. सोबत मी, कारण नाडी माझ्याकडे होती; मुलगा अंगावर पीत होता म्हणून तोही. अख्ख्या वाटेने कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. बाजूच्या बाभळींच्या काट्यांना इतका कापूस अडकला होता की झाडंच पिकल्यासारखी दिसत होती. मूर्तिजापूरच्या मुक्कामावर सकाळी मी तिचं मनगट धरलं आणि माझी बोटं गोंधळली. एक ठोका मोठा आला, मग दोन बारीक, घाईघाईने, मग काहीच नाही, मग परत एक, मग चार एकावर एक. कुठे धरावं कळेना.

"बाई, हे कसंतरीच होऊन राहिलं."

"मले समजते. छातीत कोनी पोतं झटकून राहिलं." तिचं कपाळ घामाने भिजलं होतं.

"त्यायले सांगू का?"

"सांगून का होईन? बैल जोरानं हाकीन."

मी सांगितलं. त्याने बैल जोराने हाकले. त्याचा चेहराही खुलला होता, साहेबाचा खुलायचा तसा.

अकोल्याला एका बंगल्याच्या मोठ्या खोलीत तिला बसवलं. कमरेवर एक चादर, वर काही नाही. साहेबाने नळीला कान लावला, ताठ उभा राहिला आणि काहीतरी ओरडून सांगितलं. सगळे पुढे आले. एकजण छातीला नळी लावून मोठ्याने आकडे मोजू लागला, दुसरा मनगट धरून मोजू लागला, आणि दोघांचे आकडे जुळेनात. पुन्हा मोजलं, पुन्हा चुकलं. तेव्हा ते हसले आणि टाळ्या वाजवल्या. मी धाकट्या डॉक्टरांना विचारलं, हे का हसतात. ते हळूच म्हणाले, "छातीत ठोका पडतो, पण काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. साहेबांनी असं होईल म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. ते खरं झालं."

एकामागून एक सगळ्यांनी कान लावला. तिला धाप लागली होती, झोपवू नका म्हणून ती हाताने खुणा करत होती. मी पाणी घेऊन पुढे गेले तर एकाने मला मागे सारलं, मध्ये पाणी दिलं तर आवाज बिघडेल म्हणून.

सगळं झाल्यावर तिने पदर घेतला आणि धाकट्या डॉक्टरांना म्हणाली, "सायेबाले इचारा, मी मेल्यावर त्याले आतून पाहाचं हाय ना?"

त्यांचं तोंड उतरलं. "असं काही..."

"इचारा. तो माह्या तोंडाकडं कधी पाहात नाय. इथंच पाहाते."

त्यांनी विचारलं. साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. पहिल्यांदाच त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने सौदा केला, बाजारात करायची तसाच. मेल्यावर माझं काळीज उघडून बघा, मी आज कबूल करते. पण भाजीचा मक्ता किसनच्या नावावरून काढायचा आणि ह्या सटवीच्या नावावर करायचा. आजच. माझा नवरा दारात उभा होता. तो "गुंफे" म्हणून ओरडला. साहेबाने हात पुढे केला. तिने तो धरला आणि मग आपला हात लुगड्याला पुसला.

बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांना पाणी आलं. "बाई, माह्यासाठी तुमी..."

"तुह्यासाठी?" ती बाजूला थुंकली. "किसन्याले तुह्या हाताखाली टोपलं वाहाले लावाचं हाय मले. तू मजबूत हायेस. तू त्याले लवकर मरू देनार नाय."

परतीच्या वाटेवर साहेबाने दिलेली थेंबांची बाटली माझ्या मांडीवर होती. थेंबांनी दम जरा कमी झाला, नाडी मात्र तशीच सैरावैरा. तिला बोलायला जोर आला आणि ती गाडीच्या मागून नवऱ्याला शिव्या देऊ लागली. त्याच्या आईवरून सुरू झाली, बापावर आली, आणि मध्येच थांबली. शिवी अर्धीच राहिली. मी वळून पाहिलं तर तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, उजवा हात गाडीबाहेर लोंबत होता आणि ती डाव्या हाताने आपलीच जीभ चाचपत होती.

तिची वाचा गेली. अंगातली सगळी ताकद जिच्या जिभेत होती, तिची जीभ गेली. एक शब्द तेवढा उरला. "सटवे." पाणी हवं असलं की सटवे. ऊन लागलं की सटवे. मुलाकडे बघून सटवे, कावळ्याला सटवे. आपण काय म्हणतो आहोत हे तिला कळायचं. तो शब्द तोंडातून निघाला की डोळे मिटून घ्यायची आणि दुसरा काही शोधायची, आणि पुन्हा तोच निघायचा.

नवऱ्याच्या हाती आयतं कोलीत आलं. तो शेजाऱ्यांना बोलावून आणायचा. भाकरीचा तुकडा तिच्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचा, "घे, आता माहं नाव घे. किसन्या म्हन. म्हन ना." ती म्हणायची, "सटवे." लोक हसायचे. ज्या बायका कानावर पदर घ्यायच्या, त्याही हसल्या. त्याने पुन्हा पुन्हा विचारावं आणि तेच उत्तर आलं की तुकडा मागे घ्यावा. पुढे तिने त्याच्या हातचं खाणं सोडलं. माझ्या हातचं खायची, पण माझ्याकडे बघत नसे.

मुलगा तिला भ्यायला लागला. तिच्या तोंडातून लाळ गळायची आणि एक डोळा पुरता मिटायचा नाही. ती डावा हात पुढे करायची, तो किंचाळून माझ्यामागे लपायचा. हे लिहिताना माझा लेक थांबला. मी म्हटलं, लिही.

उन्हाळ्यात तिचे पाय सुजले, मग पोट. अखेरचे दिवस ती कणगीला टेकून बसलेलीच होती. मी दुपारी तिचं मनगट धरून बसले होते. तिच्या नाडीत खंड पडायची मला सवय झाली होती. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. मग काही नाही. मी पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले. खूप वेळ बघत राहिले. त्या एवढ्या सगळ्या खंडांत हा शेवटचा, हे मला कसं कळणार होतं? माशी तिच्या उघड्या डोळ्यावर बसली तेव्हा मी हात सोडला.

नवऱ्याने ताबडतोब लाकडं मागवली. अंधार पडायच्या आत उरकायचं म्हणाला. जातीतली वडीलधारी माणसं जमली होती. "सायेब बाईले फाडीन तं तुमचं घर जातीतून गेलं," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "मुकीचा कायचा करार? तो सायेब अन् तो मक्ता, दोनी मी पाहून घेईन." त्याला मक्ता परत हवा होता. बाई जळून गेली की साहेबाचा सौदा मोडला, आणि सौदा मोडला की मक्ता माझ्या नावावर राहायचं कारण नव्हतं. हे त्याने न बोलताही मला समजलं.

मी मुलाला कडेवर घेतलं आणि दवाखान्यात चालत गेले. धाकटे डॉक्टर डोली घेऊन आले. सरकारी शिपाई सोबत बघून कोणी आडवं आलं नाही. एका बाईने माझ्या अंगावर शेण फेकलं.

उघडून झाल्यावर धाकट्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. तिला आंघोळ घालायची होती. साहेबाच्या हातात ते होतं. मी बघायला नको होतं, पण बघितलं. काळजाच्या आतलं दार नखासारखं कडक झालं होतं आणि त्याच्यात सदऱ्याच्या काजाएवढी फट होती. एवढ्याशा फटीतून तिचं सगळं रक्त रोज गेलं होतं, चालताना, भांडताना, माझा मुलगा छातीवर घेऊन बसली असताना. मागची खोली ताणून पिशवीसारखी पातळ झाली होती आणि तिच्या कोपऱ्यात काळी गुठळी चिकटलेली होती. त्या गुठळीचाच एक तुकडा तिची जीभ घेऊन गेला, असं धाकटे डॉक्टर म्हणाले.

"आता परत आत ठेवा," मी म्हटलं.

साहेबाने नाही म्हणून मान हलवली.

"तिनं उघडाचं कबूल केलं होतं. ठेवून घ्याचं नाय."

धाकट्या डॉक्टरांनी हे सांगितलं. साहेबाने ऐकलं आणि हात धुवायला गेला. तिला आम्ही तसंच, काळजाविना जाळलं. खांदा द्यायला जातीतलं कोणी आलं नाही. नवरा, दवाखान्याचे दोन हमाल, आणि चौथा खांदा धाकट्या डॉक्टरांनी दिला. ते त्यांनाही त्यांच्या लोकांत महाग पडलं असं पुढे ऐकलं.

साहेबाने शब्द पाळला. मक्ता माझ्या नावावर राहिला. माझा नवरा डोक्यावर टोपली घेऊन माझ्या मागून छावणीत यायचा आणि कारकून मला विचारायचा, हा गडी कोण. मी सांगायची, घरचा आहे. बाईच्या मनात होतं ते सगळं झालं. त्यात मला आनंद झाला का असं कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही.

रेल्वे सुरू झाली तोवर अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापसाचा भाव कोसळला होता. बडनेऱ्याच्या फलाटावर बांधलेल्या कापसाच्या गासड्या पडून होत्या आणि त्यांच्यावर कुत्री झोपत होती. साहेबाची बदली झाली त्या दिवशी मी स्टेशनात भाजी द्यायला गेले होते. हमाल त्याचं सामान मालडब्यात चढवत होते. एक लाकडी पेटी मात्र साहेबाने हमालाला हात लावू दिली नाही. झाकण अर्धवट उघडं होतं, आत कापूस ठासलेला आणि कापसात एका बरणीचं मेण लावलेलं बूच दिसत होतं. शिपाई मला ओळखत होता. त्याने मान खाली घातली.

साहेब वरच्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी बसला आणि त्याने पेटी शेजारच्या गादीवर ठेवली, हादरे बसू नयेत म्हणून तिला उशीचा टेका दिला. शिटी झाली. मी फलाटावर टोपली घेऊन उभी होते, मागे नवरा होता. आमच्या घरातलं आगगाडीत बसणारं ते पहिलं माणूस.